ड्राइव्हट्रेनचा रेशो ठरवताना कॅल्क्युलेटरला नक्की काय विचारायचं?

रेशोवाली

नमस्कार मंडळी. एफआरसी या शालेय रोबोटिक्स स्पर्धेच्या रोबोटचं ड्राइव्हट्रेन (मोटरपासून चाकांपर्यंतची यंत्रणा) ठरवायचं चाललंय आणि टीममध्ये सरळ दोन तट पडलेत. चार मॉड्यूलचं स्वर्व्ह (प्रत्येक चाक स्वतंत्र वळणारं ड्राइव्ह), चार इंची चाकं, प्रत्येक मॉड्यूल पळवायला एक क्रेकन एक्स६० मोटर, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. वाद फक्त रेशोचा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरचे किती फेरे. एमके४आय मॉड्यूलचा एल२ घ्यायचा (६.७५) की एल३ (६.१२). रीकॅल्क या ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये दोन्ही टाकून बघितले, फ्री स्पीड (लोड नसतानाचा कमाल वेग) एल२ला ४.७३ मीटर प्रति सेकंद येतो आणि एल३ला ५.२१. एवढं बघितल्यावर निम्म्या मुलांचं म्हणणं की विषय संपला, मोठा आकडा घ्या आणि कॅडला लागा.

मला हे पटत नाहीये. फील्ड साधारण साडेसोळा मीटर लांब आहे पण टोकापासून टोकापर्यंत एका दमात पळायची वेळ मॅचमध्ये किती वेळा येते? बहुतेक धावा दोन ते सहा मीटरच्या, आणि शेवटी थांबायचं, वळायचं, अलाइन व्हायचं असतंच. म्हणजे जो आकडा गाठायलाच जागा नाही त्या आकड्यावरून आम्ही गिअर निवडतोय.

तर प्रश्न असा की कॅल्क्युलेटरला काय विचारलं म्हणजे कामाचं उत्तर मिळतं? तुम्ही कुठले इनपुट नीट मोजून भरता, कुठल्या आउटपुटवर विश्वास ठेवता, कुठलं आउटपुट नुसतं बघून सोडून देता? पुढे एलिव्हेटर आणि आर्म पण आहेत, त्याबद्दलही लिहिलंत तर फार बरं होईल.

जुनापाना

चांगला विषय काढलास. थोडं मागून सांगतो म्हणजे मुलं त्या आकड्यावर का अडकतात ते कळेल.

आमच्या वेळी सगळे रेशो काढायला जेव्हीएन नावाने ओळखली जाणारी एक्सेल शीट वापरायचे. त्यात दोन टक्केवाऱ्या आधीच भरलेल्या असायच्या, स्पीड लॉस ८१ टक्के आणि ड्राइव्हट्रेनची एफिशियन्सी ९० टक्के. म्हणजे ती शीट तुला फ्री स्पीड दाखवायची आणि शेजारीच त्याच्या ८१ टक्क्यांवर आणलेला आकडा दाखवायची, तुझ्या एल२साठी तो ३.८३ येईल. ते ८१ टक्के काही निसर्गनियम नव्हते, रोबोट खरंच किती पळतात ते बघून धरलेला अंदाज होता. पण त्या शेजारच्या आकड्यामुळे एक गोष्ट झाली, फ्री स्पीड आणि खरा स्पीड वेगळे असतात हे शीट उघडणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. आताच्या टूलमध्ये पर्याय खूप आहेत, पण घाईत असलेला माणूस सगळ्यात वरचा ठळक आकडा वाचतो आणि टॅब बंद करतो.

दुसरं म्हणजे सिम या जुन्या मोटरच्या काळात पॉवरचीच चणचण होती. एका सिमची कमाल पॉवर ३३७ वॅटच्या आसपास, चार सिमच्या ड्राइव्हला साडेतेराशे वॅट झाले, त्यात रेशो चुकला तर रोबोट एकतर रांगायचा नाहीतर ढकलाढकलीत ब्रेकर उडवायचा. तेव्हा रेशो हा खरोखर जिवाभावाचा निर्णय होता. आता क्रेकनचा स्टॉल टॉर्क (मोटर अडवून धरल्यावरचा टॉर्क) ७.०९ न्यूटन मीटर आणि फ्री स्पीड ६००० आरपीएम, म्हणजे कागदावर एकेका मोटरची कमाल पॉवर अकराशे वॅटच्या वर. मोटर आता अडवत नाही. अडवतं ते चाक आणि कार्पेट यांच्यातलं घर्षण, नाहीतर बॅटरी. त्यामुळे तुझा पहिला प्रश्न रेशोचा नसून चाक किती करंटला घसरतं हा हवा.

हिशोब सोपा आहे, हातानेच करून दाखवतो. बॅटरी आणि बंपर धरून रोबोट ६८ किलोचा समज. घर्षणाचा गुणांक १.१ धरू, हा ट्रेडवर आणि कार्पेटवर ठरतो, शक्य असेल तर स्प्रिंग काट्याने ओढून स्वतः मोजा. ६८ गुणिले ९.८१ गुणिले १.१ म्हणजे ७३४ न्यूटन. चार चाकांत वाटले तर एकाला १८३. चाकाची त्रिज्या ०.०५०८ मीटर, म्हणजे चाकावर ९.३ न्यूटन मीटर टॉर्क लावला की चाक घसरणार. एल२मधून मोटरपर्यंत मागे गेलं आणि ९० टक्के एफिशियन्सी धरली की मोटरवर १.५३ येतात. क्रेकन एका अँपियरला ०.०१९४ न्यूटन मीटर देते. झाले ७९ अँपियर. एल३ला हेच ८७ होतात.

म्हणजे एल२ असेल तर मोटरमध्ये ८० अँपियरच्या वर सोडलेला प्रत्येक अँपियर फक्त ट्रेड झिजवायला जातो.

चौकोनी_नट

थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा. एवढं सगळं कशाला? ज्या टीम सातत्याने एलिमिनेशनमध्ये खेळतात त्या काय वापरतात ते बघा, तेच घ्या आणि वाचलेला वेळ ड्रायव्हर प्रॅक्टिसला द्या. सिझनमध्ये वेळच सगळ्यात महाग असतो आणि एल२ एल३च्या वादात आठवडा गेलेल्या टीम मी पाहिल्यात, शेवटी दोघंही जण मॅचमध्ये सारखेच पळतात.

रेशोवाली

@चौकोनी_नट राग कसला, प्रॅक्टिसबद्दल पूर्ण सहमत. पण ज्यांचं बघून घ्यायचं त्यांचं वजन वेगळं, करंट लिमिट वेगळी, त्यांचा ड्रायव्हर वेगळा. आणि मुलांना "अमक्यांनी घेतलाय म्हणून" असं सांगितलं की पुढच्या वर्षी गेम बदलल्यावर त्यांच्याकडे काहीच उरत नाही. तरी तुमचं "शेवटी सारखेच पळतात" हे वाक्य डोक्यात बसलं म्हणून आज तेच तपासलं.

जुनापाना काकांच्या हिशोबावरून पुढे गेले. मोटरमधल्या करंटला ६० अँपियरची लिमिट लावली असं धरलं, म्हणजे चाक घसरायच्या बरंच आत. एल२ला चारही चाकं मिळून ५५६ न्यूटन ढकलतात, ६८ किलोला ८.२ मीटर प्रति सेकंद वर्ग प्रवेग. एल३ला ५०४ न्यूटन, ७.४. हा प्रवेग फ्री स्पीडच्या ८४ टक्क्यांपर्यंत टिकतो कारण क्रेकनच्या ३६६ अँपियर स्टॉलपुढे ६० म्हणजे किरकोळ, त्यानंतर मोटरचा स्वतःचा उतार सुरू होतो. हे सगळं शीटमध्ये वेळेच्या छोट्या छोट्या पायऱ्या करून चालवलं.

जागेवरून निघून ३ मीटर: एल२ला ०.९३ सेकंद, एल३ला ०.९४.
६ मीटर: एल२ला १.५७, एल३ला १.५१.

हे आदर्श १२ व्होल्ट धरून आहे, बॅटरी पडत नाही, रोलिंग घर्षण नाही, त्यामुळे खरे आकडे दोन्हीकडे मोठे येणार. पण फरक बघा. तीन मीटरला जवळजवळ बरोबरी, सहा मीटरला पाच-सहा शतांश सेकंद. आणि शेवटी थांबायचं धरलं तर सहा मीटरचा फायदाही आणखी आटतो कारण एल३वाला जास्त वेगात असल्यामुळे त्याला ब्रेक आधी मारावा लागतो. ज्यावरून टीममध्ये बोलणं बंद व्हायची वेळ आली होती तो फरक एवढा आहे.

वायरमन९

वा, हे आकडे वाचून आनंद झाला. पण "बॅटरी पडत नाही" हे गृहीतक मात्र इथे चालणार नाही कारण खरी गंमत तिथेच आहे आणि कॅल्क्युलेटर वापरणारे सगळ्यात जास्त इथेच फसतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मोटरमधून फिरणारा करंट म्हणजे स्टेटर करंट आणि बॅटरीतून निघणारा म्हणजे सप्लाय करंट, हे दोन वेगळे आहेत. रोबोट जागेवर उभा आहे आणि तुम्ही स्टेटरला ६० अँपियर मागितले. क्रेकनचा रेझिस्टन्स साधारण ०.०३३ ओहम, तर ६० अँपियर ढकलायला जेमतेम २ व्होल्ट पुरतात. कंट्रोलर १२ व्होल्टचे कापून २ करतो, म्हणजे ड्यूटी (व्होल्टेज चालू असण्याचं प्रमाण) सोळा-सतरा टक्के, बॅटरीतून निघतात फक्त १० अँपियर. आता रोबोट वेग घ्यायला लागला, बॅक ईएमएफ (फिरती मोटर उलट तयार करते तो व्होल्टेज) वाढला, ड्यूटी वाढत गेली, आणि ड्यूटी शंभर टक्क्यांना पोचते त्या क्षणी स्टेटरचे ६० आणि सप्लायचे ६० एक होतात. चार मोटरचे २४०.

म्हणून लॉगमध्ये व्होल्टेज सगळ्यात खाली जातो तो निघताना नाही, वेग बऱ्यापैकी आल्यावर. नवीन मुलं म्हणतात "निघताना तर काही झालं नाही, मध्येच कसा काय ब्राउनआउट", त्याचं कारण हे. ब्राउनआउट म्हणजे व्होल्टेज फार पडल्यामुळे रोबोटचा कंट्रोलर मोटर बंद करतो ते.

आता त्या २४०चं काय होतं बघा. बॅटरी, मेन ब्रेकर, केबल, लग सगळं धरून रेझिस्टन्स ०.०२ ओहम धरू. २४० गुणिले ०.०२ म्हणजे ४.८ व्होल्ट पडले. साडेबाराची बॅटरी ७.७वर. रोबोटचा मुख्य कंट्रोलर रोबोरिओ २, त्याचा ब्राउनआउट डिफॉल्ट ६.७५ व्होल्टला आहे. त्याच क्षणी ऑपरेटरने एलिव्हेटर उचलला आणि त्याने ५० अँपियर घेतले की ६.७. गेलात. पहिला रोबोरिओ ६.३ला कापायचा म्हणून जुने रोबोट यातून निसटायचे.

आणखी एक मोठं चित्र. चार क्रेकन कागदावर ४४०० वॅट देतात. पण साडेबारा व्होल्ट आणि ०.०२ ओहमच्या बॅटरीतून जास्तीत जास्त किती पॉवर बाहेर काढता येते? व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्सची चौपट, म्हणजे साधारण १९५० वॅट, तेही टर्मिनलवर सव्वासहा व्होल्ट उरलेले असताना, म्हणजे तोवर रोबोट ब्राउनआउटमध्येच असतो. तुमच्या बॅटरीला जमत नाही तेवढी पॉवर तुमच्या मोटरकडे आधीच आहे. मोटरची संख्या वाढवून कॅल्क्युलेटरमध्ये प्रवेग वाढलेला दिसतो तेव्हा कृपया बॅटरीचा रेझिस्टन्स भरायची जागा आहे का ते शोधा, आणि ती शून्य असेल तर त्या आउटपुटवर काहीही ठरवू नका.

माझा सल्ला, स्टेटर ६० आणि सोबत सप्लायला ४०ची लिमिट. चार मोटरचे १६० अँपियर, ३.२ व्होल्ट पडतात, ९.३ उरतात, वर एलिव्हेटरचे ५० घेतले तरी ८.३. क्रेकनच्या टॅलन एफएक्स कंट्रोलरमध्ये दोन्ही लिमिट वेगवेगळ्या लावता येतात. स्पार्क मॅक्स कंट्रोलर वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा की तिथली स्मार्ट करंट लिमिट ही मोटरकडच्या करंटची आहे, बॅटरीकडच्या नाही.

जुनापाना

+१. मेन ब्रेकरवर १२० लिहिलेलं असतं म्हणून १२०च्या वर गेलं की लगेच उडतो असंही नाही, तो तापून उडतो, दोनशेच्या वरही काही सेकंद तग धरतो. त्यामुळे ब्रेकर उडाला नाही म्हणजे सगळं ठीक असं समजू नये, ब्राउनआउट त्याच्या कितीतरी आधी येतो.

रेशोवाली

वायरमन९, हे फार कामाचं आहे, दंडवत. शीटमध्ये ०.०२ ओहम आणि सप्लाय ४० दोन्ही घालून पुन्हा चालवलं. एल३चा सहा मीटरचा फायदा आणखी कमी झाला कारण वरच्या वेगात पॉवरच मिळत नाही. टीमला आज दाखवते.

एफटीसीतला

मध्येच विचारतो, हे सगळं एफटीसीला (लहान रोबोटच्या स्पर्धेला) लागू होतं का? आमचं मेकॅनम (तिरक्या रोलरच्या चाकांचं ड्राइव्ह) आहे, ९६ मिलिमीटरची चाकं, ३१२ आरपीएमच्या यलो जॅकेट मोटर. ४३५वाल्या घ्यायचा विचार आहे.

वायरमन९

तत्त्व तेच, अडचणीची जागा थोडी बदलते. ३१२ आरपीएमला ९६च्या चाकाने १.५७ मीटर प्रति सेकंद आणि ४३५ला २.१९. तुमच्याकडे बॅटरीला २० अँपियरचा फ्यूज असतो आणि या मोटरचा स्टॉल करंट ९.२ अँपियर, चार मिळून जवळजवळ ३७. म्हणजे भिंतीला किंवा दुसऱ्या रोबोटला टेकून पूर्ण थ्रॉटल धरून ठेवायची सवय ड्रायव्हरला लागू देऊ नका. ४३५ घेतल्यावर चाकावरचा टॉर्क ३१२च्या साधारण ७२ टक्के उरतो, वजन मर्यादेच्या जवळ असेल तर निघताना ते जाणवेल. हलका रोबोट असेल तर खुशाल घ्या.

नवखा_कॅडवाला

आर्मबद्दल विचारायचं होतं. आर्म ५ किलोचा, लांबी ९० सेंटीमीटर. एक निओ मोटर आणि ८० रेशो टाकला तर कॅल्क्युलेटर म्हणतो आरामात उचलेल आणि ११० अंश अर्ध्या सेकंदाच्या आत जाईल. मग १२० किंवा १५० रेशो लोक का घेतात? हळू का करायचं मुद्दाम?

जुनापाना

आधी एक, ९० सेंटीमीटर ही पूर्ण लांबी झाली. कॅल्क्युलेटरला हवं असतं पिव्हटपासून गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर. कॅडमध्ये प्रत्येक पार्टला मटेरियल दिलंयस का? नसेल तर कॅड जो गुरुत्वमध्य सांगतोय तो खोटा आहे. टोकाला इनटेक आणि त्याची मोटर असते म्हणून तो मध्याच्या पुढे असतो, समजा ६० सेंटीमीटर.

आडव्या स्थितीत धरून ठेवायला ५ गुणिले ९.८१ गुणिले ०.६, म्हणजे २९.४ न्यूटन मीटर. ८० रेशो, तीन टप्प्यांचा प्लॅनेटरी आणि वर चेन, एकूण एफिशियन्सी ८० टक्के धरली तर मोटरला ०.४६ न्यूटन मीटर, म्हणजे निओचे १८-१९ अँपियर. निओचा स्टॉल २.६, तर आपण त्याच्या १८ टक्क्यांवर. इथवर कॅल्क्युलेटर बरोबर बोलतोय, उचलणार.

पण आता वेग बघ. ५६७६ भागिले ८०, मिनिटाला ७१ फेरे, म्हणजे सेकंदाला ४२६ अंश, लोडखाली साधारण ३५०. पाच किलोचा दांडा एवढ्या वेगाला न्यायचा आणि तिथून थांबवायचा आहे. त्याचं जडत्व आघूर्ण (फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध), सगळं वजन ६० सेंटीमीटरवरच आहे असं धरलं तरी, १.८ किलो मीटर वर्ग येतं, खरं त्याहून जास्तच. ३५० अंश म्हणजे ६.१ रेडियन प्रति सेकंद, तिथून ०.१५ सेकंदात थांबवायचं तर ७३ न्यूटन मीटर लागतात. गुरुत्वाकर्षणाच्या अडीच पट! खाली येताना दोन्ही एकाच बाजूला ओढतात, १०२ होतात. हे १०२ मोटरला जड जात नाहीत, निओ आणि ८० रेशो मिळून त्याच्या वर देऊ शकतात. ते जड जातात गिअरच्या दातांना, हेक्स शाफ्टला आणि चेनला.

रेशो वाढवल्याने आर्म "हळू" होतो असं मनात धरू नकोस. ११० अंशाच्या हालचालीत तो कमाल वेगाला जातो न जातो तोच थांबायची वेळ येते. १२०ला कमाल वेग २८४ अंश, तुझ्या एकूण वेळेत फार थोडा फरक पडेल आणि मोटरला धरून ठेवायचा करंट १२-१३वर येईल, मॅचभर मोटर गार राहील. रेशोवालीने ड्राइव्हला जे केलं तेच इथे कर, कमाल वेग नको विचारूस, ११० अंश जाऊन शांत व्हायला किती वेळ लागतो ते विचार.

चेन_आणि_पट्टा

जुनापाना यांनी चेनचं नाव काढलं म्हणून लिहितो कारण हे कुठलाच रेशो कॅल्क्युलेटर लाल अक्षरात सांगत नाही. तेच १०२ न्यूटन मीटर घ्या. पिव्हटवर २५ नंबर चेनचं ६० दातांचं स्प्रॉकेट असेल तर त्याची पिच त्रिज्या सुमारे ६०.७ मिलिमीटर. चेनवर ताण आला १६८० न्यूटन. २५ नंबर चेनचा वर्किंग लोड साधारण १४० पाउंड, म्हणजे ६२० न्यूटन. ३५ नंबरचा ४८० पाउंड, २१३५ न्यूटन. म्हणजे या आर्मला २५ नंबर लावली तर पहिल्या दिवशी तुटणार नाही कदाचित, पण प्रत्येक मॅचला थोडी थोडी ताणत जाणार, आर्म डुलायला लागणार आणि मग प्रोग्रामिंगवाली मुलं रात्रभर पीआयडीचे (कंट्रोल कोडचे) आकडे बदलत बसणार ज्यांचा यात काहीच दोष नाही. ३५ घ्या, आणि पिव्हटवरचं स्प्रॉकेट जितकं मोठं बसेल तितकं मोठं करा.

आता पट्ट्याबद्दल. सेंटर अंतराच्या कॅल्क्युलेटरवर माझा पूर्ण भरवसा आहे कारण ती निव्वळ भूमिती आहे. उदाहरण देतो, एचटीडी ५ मिलिमीटर पिच (दोन दातांमधलं अंतर), १८ आणि ३६ दातांच्या पुली, १०० दातांचा पट्टा. पट्ट्याची लांबी ५०० मिलिमीटर. दोन्ही पुलींच्या परिघांची बेरीज अर्धी केली की ९० आणि १८० मिळून १३५. उरले ३६५, त्याचे निम्मे १८२.५, त्यात दोन पुली लहानमोठ्या असल्याची छोटी दुरुस्ती केली की अंतर १८१.९४ मिलिमीटर. हा आकडा प्लेटमध्ये जसाच्या तसा मारा. "थोडा ताण बसू दे" म्हणून स्वतःच्या मनाने मिलिमीटरभर वाढवू नका, बेअरिंगवर विनाकारण लोड येतो आणि पट्टा गुणगुणायला लागतो. चेनचं उलटं, चेन नवी असताना थोडी सैलावतेच, तिला टेन्शनर किंवा सरकती खाच हवीच, आणि कड्यांची संख्या सम येईल असं अंतर निवडा म्हणजे हाफ लिंक घालायची वेळ येत नाही.

गिअरला २० डीपी (व्यासाच्या दर इंचाला २० दात) असेल तर दातांची बेरीज भागिले ४० म्हणजे इंचात अंतर. १४ आणि ५० दातांना १.६ इंच. तयार मॉड्यूलमध्ये हे केलेलंच असतं, स्वतः गिअरबॉक्सच्या प्लेट कापणाऱ्यांसाठी सांगतोय.

नवखा_कॅडवाला

मटेरियल दिलेलं नव्हतं, आता दिलं. गुरुत्वमध्य ६४ सेंटीमीटरवर आला. १२० आणि ३५ नंबर चेन करतोय. जुनापाना काका आणि चेनवाले दादा, दोघांचे आभार.

रेशोवाली

एलिव्हेटरबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून आमच्या टीमने काय काढलं ते टाकते, चूक असेल तर सांगा. दोन हलत्या भागांचा कॅस्केड आहे, कॅरेज ६ किलो, मधली स्टेज ३ किलो. कॅल्क्युलेटरमध्ये आम्ही वजन १५ किलो टाकलं. कॅस्केडमध्ये ड्राइव्हची दोरी एक मीटर सरकली की कॅरेज दोन मीटर जाते, म्हणून कॅरेजचं वजन दुप्पट होऊन ड्राइव्हवर येतं, मधल्या स्टेजचं एकपट. १२ आणि ३, पंधरा. म्हणजे १४७ न्यूटन. आणि उंची टाकताना मात्र ड्राइव्हच्या बाजूची, म्हणजे निम्मी. बरेच जण इथे वजन दुप्पट करतात आणि उंची निम्मी करायची राहते असं वाटतं.

जुनापाना

बरोबर आहे. कंटिन्युअस रिगिंग (एकच दोरी सगळ्या स्टेजमधून) असेल तर हा दुप्पटीचा प्रकार नाही, पण दोरी जास्त लांब गुंडाळावी लागते. कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंग लावणार असाल तर तिचा जोर १४७मधून वजा करून पुन्हा चालवा, पण स्प्रिंग कुठल्या स्टेजला लावली त्यावर ती एकपट वजा होते की दुप्पट ते ठरतं.

लॉगबुक

उशिरा आलो, सगळा धागा वाचला, वाचनखूण साठवली. माझा मुद्दा या सगळ्यानंतरचा आहे. कॅल्क्युलेटर चालवून रेशो ठरवला, रोबोट बांधला, आणि मग ती शीट पुन्हा कुणी उघडतच नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं कारण शीटची खरी किंमत तेव्हा सुरू होते.

रोबोट जमिनीवर आला की पहिल्याच संध्याकाळी दोन गोष्टी मोजा. एक, चाकं कुठल्या करंटला घसरतात. रोबोट भिंतीला टेकवा, स्टेटर करंट हळूहळू वाढवत न्या, एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) फिरायला लागला तो आकडा लिहा. जुनापाना यांच्या हिशोबाने ७९ यायला हवा. ६५ आला तर एकतर ट्रेडचं घर्षण १.१पेक्षा कमी आहे किंवा वजन चारही चाकांवर सारखं पडत नाहीये, वजनकाटे चाकांखाली ठेवून बघा. तो आकडा शीटमध्ये भरा आणि लिमिट त्याच्या थोडी खाली लावा.

दोन, सिसआयडी (रोबोट पळवून मोटरची वागणूक मोजणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि केव्ही बघा, म्हणजे वेगाच्या प्रत्येक एककाला लागणारे व्होल्ट. एल२ आणि क्रेकनला कागदावर १२ भागिले ४.७३, म्हणजे मीटर प्रति सेकंदाला २.५४ व्होल्ट. मोजलेला याच्या जवळ, थोडा वर असणं साहजिक आहे. पण २.५४ ऐवजी २.९ आला तर कोडमधला रेशो किंवा कोडमधला चाकाचा व्यास यांपैकी काहीतरी एक तुम्ही समजता ते नाहीये. मॉड्यूलवर एल२ असं लिहिलं आणि आत मधला गिअर एल१चा बसला तर ६.७५ ऐवजी ८.१४ असतो, हे डोळ्याला सहज दिसत नाही, आणि एन्कोडर मोटरमध्येच असल्यामुळे केव्हीतही दिसत नाही, रोबोट मोजलेलं अंतर ढकलून फेरे वाचले की लगेच दिसतं.

चौकोनी_नट

@लॉगबुक हे आवडलं. भिंतीवरची टेस्ट पंधरा मिनिटांची आहे, ती आम्हीही करणार. वर मी जे लिहिलं त्यात एवढी भर घालतो की दुसऱ्या टीमचा रेशो उचलला तरी त्यांची करंट लिमिट उचलू नये, ती आपल्या रोबोटवर मोजूनच लावावी.

रेशोवाली

निर्णय झाला म्हणून कळवते. एल२ घेतोय. स्टेटर ६०, सप्लाय ४०पासून सुरुवात, भिंतीवरच्या टेस्टनंतर बदलू. ५.२१च्या बाजूने जो मुलगा सगळ्यात जोरात भांडत होता त्यानेच शीटमध्ये थांबायचा टप्पा जोडला आणि दोन, तीन, चार, सहा मीटरचे आलेख काढून फळ्यावर लावले. आता तोच बाकीच्यांना समजावतोय की ढकलाढकलीत तेवढ्याच अँपियरला दहा टक्के जास्त जोर मिळतो तो कुठून येतो.

एक प्रश्न राहिला. चाकं झिजली की केव्ही आणि ओडोमेट्री (चाकांच्या फेऱ्यांवरून काढलेली रोबोटची जागा) दोन्ही बदलणार ना? व्यास किती वेळा मोजता?

लॉगबुक

हो, बदलणार. चार इंचाचं चाक ३.८वर आलं की व्यासात पाच टक्के गेले, म्हणजे ऑटोमध्ये (ड्रायव्हरशिवायच्या टप्प्यात) सहा मीटर सांगितले तर रोबोट ३० सेंटीमीटर अलीकडेच थांबणार. व्हर्नियरने ट्रेड दाबला जातो म्हणून मी त्याने मोजत नाही. जमिनीवर चिकटपट्टीने पाच मीटर आखा, रोबोट पूर्ण वजनानिशी हाताने सरळ ढकला, एन्कोडरचे फेरे वाचा आणि त्यावरून व्यास काढा, म्हणजे वजनाखाली दबलेला खरा व्यास मिळतो. नवीन ट्रेड लावल्यावर एकदा आणि प्रत्येक स्पर्धेच्या सरावाच्या दिवशी एकदा. आलेला आकडा कोडमध्ये भराल तेव्हा शीटमध्येही भरा, नाहीतर दोघांचं जमेनासं होतं.